पारायण : उपासकाची प्रिय गाथा आणि तिचे श्रद्धेतील स्थान

प्रत्येक धर्माच्या अनुयायास आपले असे एखादे स्तोत्र, पद अथवा गाथा विशेष प्रिय असते. सामुदायिक उपासनेत तो सर्वांबरोबर सर्व काही म्हणतो. परंतु पहाटे एकट्याने जाग आल्यावर, दीर्घ आजारात किंवा घरात मृत्यू घडल्यानंतरच्या पहिल्या रात्री त्याच्या ओठांवर येते ते एखादेच पद. ईश्वरवादी धर्मांत या गोष्टीचा उलगडा कठीण नाही. तेथे भक्त देवास हाक मारीत असतो आणि आवडते पद ही त्याची ओळखीची हाक असते. बौद्ध धम्मात मात्र हाकेला ओ देणारा कोणी ईश्वर नाही. तथागत मार्ग दाखवितात, मोक्ष देत नाहीत, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे. असे असताना बौद्ध उपासकाने एकांतात गाथा का म्हणावी? एखादी गाथा त्याला प्रिय असण्याला काही धार्मिक अर्थ आहे काय?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या समाजात ऐकू येतात. काही बंधू-भगिनी परित्राणपाठाकडे संकटनिवारणाचा उपाय म्हणून पाहतात. सुत्त म्हटले की घरातील पीडा जाते, मनगटाला सूत बांधले की रक्षण होते, अशी त्यांची समजूत असते. याउलट काही विचारवंत सर्वच पठणाला कर्मकांड समजून ते टाकून द्यावे असे म्हणतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे इतिहासाला धरून नाहीत. बौद्ध परंपरेत प्रिय गाथेला स्थान होते आणि ते फार मोठे होते. मात्र ते याचनेचे नसून अनुस्मरणाचे होते. जिचा अर्थ उपासकाला कळला आहे आणि ज्या अर्थाने त्याचे आचरण बांधले गेले आहे, तीच त्याची प्रिय गाथा, असा त्या परंपरेचा दंडक दिसतो. प्रस्तुत लेखात आम्ही या दंडकाचा ऐतिहासिक मागोवा घेणार आहोत.

याचनेचा निषेध

प्रारंभीच हे लक्षात घेतले पाहिजे की, प्रार्थनेने फळ मिळते ही कल्पना तथागतांनी अनेक प्रसंगी खोडून काढली आहे. दीघनिकायातील तेविज्जसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांशी झालेला संवाद आहे. तो अचिरवती नदीच्या परिसरात मनसाकट गावाजवळ झाला. नदी काठोकाठ भरलेली आहे, एका मनुष्यास पलीकडे जावयाचे आहे आणि तो अलीकडच्या काठावर उभा राहून पलीकडच्या काठालाच आपल्याकडे येण्याची विनंती करीत आहे. त्याच्या विनवणीने तो काठ येईल काय, असा प्रश्न भगवंतांनी विचारला. देवतांना आवाहन करणाऱ्यांची स्थिती याहून निराळी नाही, हे त्या दोघा तरुणांना मान्य करावे लागले.

संयुत्तनिकायात असिबन्धकपुत्र नावाच्या ग्रामणीला दिलेला दृष्टांत याच जातीचा आहे. खोल डोहात टाकलेला मोठा धोंडा लोकसमुदायाने हात जोडून विनविल्याने वर येत नाही, तसा दुराचारी मनुष्य इतरांच्या प्रार्थनेने सुगतीस जात नाही. अंगुत्तरनिकायात अनाथपिंडिकास उद्देशून केलेल्या उपदेशात दीर्घायुष्य, सौंदर्य, सुख, यश आणि स्वर्ग या पाच इष्ट गोष्टींचा उल्लेख आहे. त्या केवळ याचनेने मिळाल्या असत्या, तर जगात कोणाला कशाची उणीव राहिली नसती, असा त्या उपदेशाचा आशय आहे. म्हणून गाथापठण हे याचनेचे साधन मानणे बुद्धवचनाच्या विरुद्ध आहे, याविषयी शंका उरत नाही.

अनुस्मरणाचा स्वीकार

परंतु याचनेचा निषेध करणाऱ्या तथागतांनीच अनुस्मरणाचा उपदेश केला आहे. संयुत्तनिकायातील धजग्गसुत्त या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अरण्यात, वृक्षाखाली अथवा ओसाड घरात एकट्या राहणाऱ्या भिक्खूस भय वाटले, अंगावर रोमांच उभे राहिले, तर त्याने काय करावे? देवांचा राजा शक्र आपल्या सैन्याला ध्वजाकडे पाहण्यास सांगतो. पण तो शक्र स्वतःच राग, द्वेष आणि मोह यांतून सुटलेला नाही, तोच भितो. म्हणून भिक्खूने बुद्धाचे गुण आठवावेत, ते न जमल्यास धम्माचे आणि तेही न जमल्यास संघाचे गुण आठवावेत. आज आपल्या विहारांत नित्य म्हटली जाणारी बुद्ध, धम्म व संघ यांची गुणवंदना मूलतः एकट्या, घाबरलेल्या माणसासाठी सांगितलेली आहे. तीत मागणे एकही नाही. केवळ गुणांची आठवण आहे, आणि त्या आठवणीने भिणाऱ्या मनाला उभे करावयाचे आहे.

पठण कसे करावे यासंबंधीचे नियमही विनयपिटकात आले आहेत. चुल्लवग्गात असे म्हटले आहे की, षड्वर्गीय भिक्खू लांबलचक गीतस्वरात धम्म गाऊ लागले आणि लोकांनी नापसंती व्यक्त केली. त्यावर भगवंतांनी अशा गायनाचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतः त्या स्वरात गुंततो, ऐकणारे गुंततात, गृहस्थ टीका करतात, स्वराची सजावट साधण्याच्या नादात समाधी भंगते, आणि पुढची पिढी तेच वळण गिरविते. मात्र याच ठिकाणी साध्या, लयबद्ध स्वरात म्हणण्यास, म्हणजे ‘सरभञ्ञ’ पद्धतीस, त्यांनी अनुज्ञा दिली. याचा अर्थ उघड आहे. स्वराला विरोध नव्हता. स्वराने अर्थ झाकला जाण्याला विरोध होता.

त्याच चुल्लवग्गात यमेळु आणि तेकुल या ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू बंधूंची कथा आहे. बुद्धवचन छंदस् म्हणजे वैदिक धाटणीच्या भाषेत बांधावे, अशी त्यांची सूचना होती. भगवंतांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ ते शिकण्यास अनुज्ञा दिली. आचार्य बुद्धघोषांनी या शब्दांचा अर्थ बुद्धाची स्वतःची भाषा असा केला. अनेक आधुनिक पंडित मात्र ज्याची त्याची भाषा असा अर्थ करतात. हा वाद बाजूस ठेवला तरी, धम्म मूठभरांच्या भाषेत बंद होऊ नये हा हेतू दोन्ही अर्थांत टिकून राहतो.

तीन साक्षी

एखाद्या व्यक्तीने विशिष्ट गाथा आपल्याशा केल्याची तीन ठळक उदाहरणे प्राचीन साधनांत सापडतात. त्यांतील एक भिक्खू, एक गृहिणी आणि एक सम्राट आहे.

पहिले उदाहरण सोण कुटिकण्ण यांचे. हे अवन्ती देशातील कुररघरचे राहणारे आणि स्थविर महाकात्यायनांचे शिष्य. त्या दूरच्या प्रदेशात उपसंपदेसाठी लागणारे दहा भिक्खू जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे ते श्रावस्तीस भगवंतांच्या दर्शनास गेले. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी भगवंतांनी त्यांना धम्म म्हणावयास सांगितले, तेव्हा त्यांनी अट्ठकवग्गातील सोळाही सुत्ते सस्वर म्हटली. भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली. तीत पाठ चांगला घोकला आहे आणि वाणी स्पष्ट आहे एवढेच म्हटलेले नाही, तर त्या वाणीने अर्थ उलगडतो असे म्हटले आहे. सीमावर्ती प्रदेशातील एका तरुण भिक्खूची हीच मोठी संपत्ती होती, आणि तिची कसोटी अर्थ ही होती.

दुसरे उदाहरण वेळुकण्टकी नन्दमाता या उपासिकेचे. ते आम्हांस सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. अंगुत्तरनिकायात असे वर्णन आहे की, ही उपासिका रात्र सरता सरता उठून पारायणवग्ग सस्वर म्हणत असे. एके पहाटे त्या मार्गाने जाणारा वैश्रवण तिचे पठण संपेपर्यंत थांबला आणि त्याने तिला साधुवाद दिला. देवतेचा हा भाग कथेचा अलंकार समजून आपण सोडून देऊ शकतो. तरीही जो सामाजिक तपशील उरतो तो असामान्य आहे. एका गृहिणीला एक संपूर्ण वग्ग मुखोद्गत होता आणि तो ती पहाटे कोणासाठीही नव्हे, स्वतःसाठी म्हणत होती. ज्या समाजात स्त्रीने वेद उच्चारू नये असा निर्बंध शास्त्रांनी पुढे दृढ केला, त्याच देशातील ही घटना आहे.

दुसऱ्या दिवशी स्थविर सारिपुत्र तिच्या घरी भोजनास आले. देवतेशी संभाषण झाले हे आश्चर्य आहे, असे ते म्हणाले. त्यावर नन्दमातेने उत्तर दिले की, याहून आश्चर्याच्या गोष्टी आहेत. तिचा नन्द नावाचा एकुलता मुलगा राजपुरुषांनी बळाने धरून नेला आणि ठार केला. त्याला धरताना, बांधताना आणि मारताना तिच्या चित्ताचा तोल ढळला नाही. उपासिका झाल्यापासून तिने जाणूनबुजून एकही शिक्षापद मोडले नाही. अशा एकेक गोष्टी तिने सांगितल्या. तिच्या पारायणपठणाचे फळ वैश्रवणाच्या साधुवादात शोधावयाचे नसून या दृढतेत शोधावयाचे आहे. सत्तेने आपले मूल मारले हा अनुभव आपल्या समाजातील कित्येक मातांना परका नाही. नन्दमातेची स्थिरता म्हणजे अन्यायाला संमती नव्हे. दुःखाने मन मोडू न देणारी ती शक्ती आहे, आणि न्याय मागण्यासाठीही मन अखंड असावे लागते.

तिसरे उदाहरण सम्राट अशोकाचे. राजस्थानातील बैराट येथे १८४० साली सापडलेला आणि भाब्रू शिलालेख या नावाने ओळखला जाणारा लेख अशोकाने मगधाच्या संघाला उद्देशून कोरविला आहे. त्यात तो आधी बुद्ध, धम्म व संघ यांवरील आपली श्रद्धा व्यक्त करतो. बुद्धाने सांगितलेले सर्वच सुभाषित आहे, असे मान्य करूनही तो सात धम्मपर्यायांची नावे निवडून देतो. भिक्खू व भिक्खुणी यांनी आणि तसेच उपासक व उपासिका यांनी ते पुनःपुन्हा ऐकावेत आणि त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. या सातांपैकी मुनिगाथा, मोनेयसूत आणि उपतिसपसिन ही तीन नावे विद्वान सामान्यतः सुत्तनिपातातील सुत्तांशी जोडतात. इतिहासात नोंदलेली ही एका उपासकाची आवडत्या पाठांची यादी होय. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी असूनही तीत राज्यवृद्धीचे किंवा शत्रुनाशाचे स्तोत्र त्याने घातलेले नाही, आणि ऐकण्याबरोबर चिंतन सांगण्यास तो विसरलेला नाही.

गोदातीरीची गाथा

नन्दमातेला प्रिय असलेल्या पारायणवग्गाचा आपल्या महाराष्ट्राशी साक्षात संबंध आहे. म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे उचित होईल. सुत्तनिपाताच्या पाच वग्गांपैकी हा शेवटचा वग्ग. बावरी नावाचा ब्राह्मण कोसल देशातून दक्षिणापथात आला आणि अश्मक देशाच्या परिसरात गोदावरीच्या काठी आश्रम करून राहिला, अशी त्याची प्रस्तावना आहे. एकदा महायज्ञ करून त्याने सर्व काही दान केले. त्यानंतर आलेल्या एका याचकाने पाचशे नाणी मागितली आणि ती न मिळताच, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील, असा शाप दिला. बावरी भयाने खंगू लागला. अखेर त्याने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठविले. ते पतिट्ठान म्हणजे आजच्या पैठणवरून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशाम्बी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनारा, पावा व वैशाली असा दीर्घ प्रवास करीत मगधातील पाषाणक चैत्यापर्यंत पोहोचले.

शापाच्या प्रश्नाला तथागतांनी दिलेले उत्तर मर्मग्राही आहे. अविद्या हेच मस्तक होय आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, संकल्प व वीर्य यांनी युक्त अशी विद्या ते मस्तक फोडते, असा त्याचा भावार्थ. शापाला प्रतिशापाने अथवा मंत्राला प्रतिमंत्राने उत्तर मिळाले नाही. भयाच्या शब्दालाच नवा अर्थ मिळाला आणि भय नाहीसे झाले.

ही प्रस्तावना मूळ प्रश्नोत्तरांहून उत्तरकालीन असावी, असे विद्वानांचे मत आहे. कारण चूळनिद्देस या प्राचीन भाष्यात तिच्यावर विवरण नाही. प्रश्नोत्तरे मात्र अत्यंत जुनी आहेत. इतर निकायांत अजिताच्या आणि पुण्णकाच्या प्रश्नांचे दाखले पारायणाचे नाव घेऊन दिलेले आढळतात. प्रस्तावना उत्तरकालीन मानली तरी तिच्यातून एक गोष्ट निश्चित होते. गोदावरीच्या खोऱ्यातील लोकांना आपला धम्माशी असलेला संबंध फार प्राचीन वाटत होता. पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या गंधिक कुळातील, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळातील, एका उपासकाने स्तंभ दान दिल्याचा लेख आजही आहे.

सोळा शिष्यांतील शेवटचा पिंगिय. तो जराजर्जर झालेला होता; त्याला नीट दिसत नव्हते, नीट ऐकू येत नव्हते. अज्ञानातच मरण येऊ नये म्हणून त्याने भगवंतांना प्रश्न विचारला. पुढे तो बावरीकडे परतला आणि त्याने पारायणाची महती गायिली. अशा गुरूपासून तू क्षणभर तरी दूर कसा राहतोस, असे बावरीने विचारले असता पिंगियाने जे सांगितले, त्यात या लेखाच्या विषयाचे सार आहे. आपण त्यांच्यापासून दूर नाही, रात्रंदिवस जागरूक राहून मनाने त्यांना पाहतो. शरीर थकले म्हणून तेथे जाता येत नाही, पण मन तेथेच जडलेले आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पिंगिय काहीही मागत नाही. डोळे आणि कान साथ देत नसताना त्याने जे आपल्यापाशी ठेवले, ते स्मरण आणि गाथा.

‘पारायण’ हा शब्द मराठीत आज पोथी आरंभापासून शेवटपर्यंत वाचणे या अर्थी रूढ आहे. पाली परंपरेत या वग्गाच्या नावाचा अर्थ निराळा सांगितला आहे. जे पलीकडच्या तीरास घेऊन जाते ते पारायण. अचिरवतीच्या काठावर उभा राहून पैलतीराला हाका मारणारा मनुष्य येथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्याची हाक हीही प्रार्थनाच होती. परंतु ती त्याला जागचा हलवू शकली नाही. पिंगियाची आणि नन्दमातेची गाथा मात्र चालण्यास लावणारी होती. पाने संपविणे आणि तीर गाठणे यांतील अंतर ज्याला कळले, त्याला बौद्ध पठणाचे प्रयोजन कळले असे म्हणता येईल.

परित्ताचा प्रश्न

उत्तरकाळात मंगलसुत्त, रतनसुत्त, मेत्तसुत्त इत्यादी पाठांना परित्त म्हणजे रक्षणपाठ हे नाव मिळाले आणि त्यांभोवती चमत्कारांच्या कथा वाढल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु परंपरेच्या आतच त्यावर प्रश्न उठला होता. मिलिन्दप्रश्नात राजा मिलिन्द स्थविर नागसेनांना विचारतो की, मृत्यूपासून सुटका नसेल तर परित्ताचा उपयोग काय? नागसेन सांगतात की, आयुष्य संपलेल्याला परित्त तारीत नाही. शिवाय स्वतःच्या कर्माचे आवरण, क्लेशांचे आवरण आणि अश्रद्धा या तीन कारणांनी ते निष्फळ होते. उत्तराचा काही भाग आजच्या वाचकास पटणार नाही. पण म्हणणाऱ्याचे आचरण शुद्ध नसेल तर शब्दांत बळ नाही, हा मुद्दा तेव्हाही सोडलेला नव्हता.

मंगलसुत्ताचा आशय पाहिला तरी हेच दिसते. मंगल कशात आहे, असा त्यात प्रश्न आहे. शकुन, मुहूर्त किंवा ताईत यांचे नाव उत्तरात नाही. मातापित्यांची सेवा, पत्नी व मुले यांचा सांभाळ, निर्दोष व्यवसाय, मद्यपानापासून संयम, योग्य वेळी धम्मश्रवण अशी परंपरेने अडतीस मंगले मोजली जातात. ही सर्व करावयाची कामे आहेत. घरातील भांडण मिटावे म्हणून मंगलसुत्त म्हणणाऱ्याने त्यात सांगितलेले एक कर्तव्य पाळले, तर भांडण मिटण्याचा संभव खराच आहे.

अभंगाकडून वंदनेकडे

आता आपण आपल्याच समाजाच्या निकटच्या इतिहासाकडे वळू. १९५६ पूर्वी आपल्या वस्त्यांत भजनाची मोठी परंपरा होती. कोणी वारकरी होते, कोणी कबीरपंथी. संत चोखामेळ्याचे अभंग अनेकांच्या ओठांवर होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी असून त्यांच्या घरी भजन आणि पाठ यांचा नित्यक्रम होता. या संस्काराच्या खुणा बाबासाहेबांच्या कार्यातही दिसतात. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता आणि ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या अस्पृश्य कुळांत जन्मलेल्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला.

तथापि संतांविषयी आदर असणे आणि त्या पदांतील देवाची शरणागती स्वीकारणे या दोन गोष्टी त्यांनी कधीच एक मानल्या नाहीत. ज्या देवाचा चोखोबांनी आयुष्यभर धावा केला, त्याच्या मंदिराच्या आत त्यांना पाऊल टाकता आले नाही. पंढरपूरचे ते मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर. हाक मारणाऱ्याच्या आर्ततेत कमतरता नव्हती. हाकेच्या मार्गातच न्याय नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि त्यानंतरची एकवीस वर्षांची चिकित्सा या जाणिवेतून झाली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण करून बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्या दिवशी आपल्या वडीलधाऱ्यांनी केवळ मूर्ती टाकल्या नाहीत. लहानपणी आईच्या कडेवर ऐकलेली आणि जात्यावर बसून म्हटलेली पदेही त्यांनी मागे ठेवली. मूर्ती नदीत सोडणे एका दिवसाचे काम असते. पहाटे आपोआप ओठांवर येणारा अभंग थांबविणे हे वर्षानुवर्षांचे काम असते. हा त्याग कोठेही नोंदलेला नाही. परंतु त्याचे मोल थोडे नाही.

त्या रिकाम्या जागी काय यावे, याचा विचार बाबासाहेबांनी आधीच केलेला होता. त्यांनी संकलित केलेले ‘बौद्ध पूजापाठ’ हे पुस्तक याचा पुरावा आहे. त्यात पाली पाठांसोबत मराठी अर्थ दिलेला आहे. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात हे पुस्तक, त्यांचा पाली शब्दकोश आणि पाली व्याकरण एकत्र आले आहे. हा योग अर्थपूर्ण आहे. पाठ देणाऱ्या हातानेच कोश आणि व्याकरण सिद्ध केले. गाथा पाठ होणे ही पहिली पायरी आणि तिचा शब्दन् शब्द समजणे ही पुढची पायरी, हा क्रम त्यातून स्पष्ट होतो.

बाबासाहेबांच्या वैयक्तिक श्रद्धेविषयी एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नोंदलेला आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतील अलिपूर मार्गावरील निवासस्थानी ते डोळे मिटून हलक्या स्वरात त्रिशरणाचे शब्द म्हणत होते. त्यांनी आपले सहायक नानकचंद रत्तू यांना बुद्धवंदनेची ध्वनिमुद्रिका लावावयास सांगितली. नंतर भवसागराविषयीचे कबीराचे एक पद त्यांच्या मुखी होते. त्याच रात्री आपल्या धम्मग्रंथाची प्रस्तावना त्यांनी वाचण्यासाठी जवळ मागवून घेतली. त्यांच्या जीवनाची ती अखेरची रात्र ठरली.

या प्रसंगाचा आम्ही असा अर्थ लावतो. बुद्ध, कबीर आणि जोतिबा फुले यांना गुरू मानणाऱ्या या महापुरुषाने पित्याकडून आलेले सर्व काही फेकून दिले नाही. त्याने ते विवेकाच्या चाळणीतून चाळून घेतले. जे पद माणसाला जागे करते आणि कोणाची दास्यभक्ती लादत नाही, ते टिकले. आणि ज्याने आयुष्यभर तर्काचे शस्त्र हाती धरले, त्यालाही एकांतात म्हणण्यासाठी शब्द हवे होते. पठण म्हणजे केवळ अडाण्याची गरज, असे म्हणणाऱ्यांनी या रात्रीचा विचार करावा.

आजची स्थिती आणि आमची सूचना

धर्मांतरानंतर आपल्या समाजाने गीतांचे मोठे भांडार निर्माण केले. आयाबायांनी ओव्यांतून आणि पाळण्यांतून भीमाचे चरित्र गायिले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीस जन्मलेले वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींनी ते घरोघरी पोहोचविले. ही गीते कृतज्ञतेची आणि संघर्षाची आहेत. त्यांचे स्थान अढळ आहे. सुत्ताची जागा ती घेत नाहीत आणि सुत्ताने त्यांची जागा घेण्याचे कारण नाही. एवढेच जपावयास हवे की, ज्यांनी देवाला हाक मारणे सोडावयास शिकविले, त्या बाबासाहेबांनाच कोणी नवसाला पावणारे दैवत करू नये.

वंदनेच्या बाबतीत मात्र आत्मपरीक्षणाची गरज आहे. आपल्या विहारांत त्रिशरण, पंचशील आणि परित्राणपाठ शेकडो लोक अचूक म्हणतात. त्यांतील किती जणांना म्हटलेल्या ओळीचा अर्थ सांगता येईल? पूर्वी ध्वनिफितींवरून आणि आता भ्रमणध्वनीवरून सुत्ते वाद्यांच्या साथीने ऐकू येतात. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढतो आणि विनयपिटकातील पाच दोष एकेक करून आपल्या दारी येतात. न समजणारा पाठ हळूहळू मंत्र होतो, मंत्राला मांत्रिक लागतो, आणि ज्या पुरोहितशाहीतून आपण बाहेर पडलो तिची पुन्हा प्रतिष्ठापना होते. दुसरीकडे, पठणच नको असे म्हणणाऱ्या घरांतील मुलांना दुःखाच्या रात्री आठवावे असे आपले काहीच नसते. मग ती जागा दुसरा कोणी भरतो. हे दोन्ही धोके खरे आहेत.

यावर उपाय परंपरेतच आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आपल्या गावोगावच्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. हा आपल्या समाजाने निर्माण केलेला उत्तम प्रघात आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक कुटुंबाने या काळात एक सुत्त आपलेसे करावे, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. मंगलसुत्ताच्या गाथा बारा आहेत आणि वर्षावासाचे आठवडेही जवळजवळ तितकेच आहेत. दर आठवड्यास एक गाथा घ्यावी. प्रथम तिच्या प्रत्येक पाली शब्दाचा मराठी अर्थ वहीत लिहावा. मग ती मंद स्वरात पाठ करावी. त्या आठवड्यात तिच्यातील एक तरी कर्तव्य प्रत्यक्ष करून पाहावे आणि रविवारच्या वंदनेनंतर त्याविषयी विहारात बोलावे. घरातील आजीने म्हणून दाखवावे आणि नातवंडाने अर्थ वाचावा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचे पाठांतर आणि शिकलेल्या मुलांचे अक्षरज्ञान येथे एकमेकांच्या उपयोगी पडेल. ज्यांना याहून पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी केलेला सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. गोदाकाठाहून निघालेल्या सोळा जिज्ञासूंचे प्रश्न त्यात वाचावयास मिळतील.

विहारांच्या व्यवस्थापकांनी आगामी वर्षावासापूर्वी अर्थासह सुत्तपाठाच्या लहान पुस्तिका उपासक-उपासिकांच्या हाती द्याव्यात आणि वंदनेनंतर किमान दहा मिनिटे अर्थविवरणासाठी राखून ठेवावीत, अशी आमची त्यांना विनंती आहे.